भाजीपाल्यावर पाल्याचे अर्क : ठाणे-नवी मुंबईकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुरबाड-शहापूरकडे भात निघाल्यावर भेंडी, काकडी, कारली लावणारे शेतकरी आणि ऐरोली, खारघर, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत गच्चीवर वांगी-टोमॅटो लावणारी मंडळी, दोघांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. एकाला पंपाचं माप हवं असतं, दुसऱ्याला फवाऱ्याच्या बाटलीचं. पाल्याच्या अर्कांवर माझा भरवसा आहे. पण "झाडपाल्याचंच आहे, काय होतंय" असं म्हणत मुलांसमोर, उघड्या हातांनी कण्हेर वाटणारी माणसं पाहिली की काळजी वाटते. म्हणून अर्क कुठे चालतो याच्या जोडीने कुठे चालत नाही आणि कुठे घात करतो, तेही इथे लिहिलं आहे.

पाल्याच्या अर्काने कीड खरंच जाते का?

मऊ अंगाच्या, रस शोषणाऱ्या किडी आणि नुकत्या अंड्यातून निघालेल्या अळ्या यांच्यावर चांगला परिणाम होतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे थोडे असतानाच हाती घेतले तर अर्कावर भागतं. बोटाएवढी झालेली अळी, फळाच्या आत शिरलेली अळी, मुळाशी असलेले सूत्रकृमी (अतिसूक्ष्म जंत) आणि विषाणूचे रोग यांच्यापुढे पाल्याचं काही चालत नाही. शेत पूर्ण भरल्यावर "आता दशपर्णी (दहा पाल्यांचा कुजवलेला अर्क) मारून बघू" म्हणणाऱ्याच्या पदरी निराशाच येते आणि मग नाव पाल्याचं खराब होतं.

फवारणी कधी सुरू करायची हे कसं ठरवायचं?

पान उलटून. आठवड्यातून दोनदा, सकाळी, दहा-बारा झाडांची खालची, मधली आणि शेंड्याची पानं उलटून बघा. भेंडीचं पान उलटलं आणि पोपटी रंगाचे बारीक किडे तिरके पळाले तर ते तुडतुडे. पानाच्या कडा पिवळ्या पडून वाटीसारख्या वर वळायला लागल्या असतील तर आधीच थोडा उशीर झालाय. शेंड्याजवळचं पान हलवल्यावर पांढरा धुरळा उडाला तर पांढरी माशी. पान चिकट लागतंय आणि देठावर मुंग्यांची ये-जा आहे तर मावा शोधा, तो पानाखाली किंवा कोवळ्या शेंड्यात सापडतोच. मिरचीचा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर ठिपके चालायला लागले तर फुलकिडे.

त्याच पानावर लेडीबर्ड बीटल किंवा तिची काळसर, केशरी ठिपक्यांची अळी दिसली तर हात आखडता घ्या. ती अळी मावा खाते. अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. मावा चार झाडांवर आणि बीटल दोन झाडांवर असतील तर तेवढीच चार झाडं साबणाच्या पाण्याने धुवा, सगळ्या वाफ्यावर फवारू नका.

फवारलं, पण दुसऱ्या दिवशी किडी जिवंतच आहेत. अर्क वाया गेला का?

नाही. कडुनिंबातलं मुख्य द्रव्य ॲझाडिरॅक्टिन किडीला तिथल्या तिथे मारत नाही. ते आधी तिची भूक मोडतं. पान तोंडात घेतलं तरी ती खात नाही. पोटात गेलेला अंश कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, त्यामुळे अळी एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाऊच शकत नाही. माद्या अंडी कमी घालतात. हे सगळं व्हायला तीन-चार दिवस लागतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी किडी मोजू नका. नवीन पानांकडे बघा. फवारणीनंतर उमललेलं पान सपाट, न कुरतडलेलं येतंय का? पानाखाली अर्धवट काढलेली कात अंगाला चिकटलेली, सुस्त पिल्लं दिसतात का? भिंग असेल तर हे छान दिसतं. पाचव्या दिवशीही नवीन पालवी वळलेलीच येत असेल, तर मात्र एक तर अर्क कमजोर होता, नाहीतर पानाची खालची बाजू कोरडी राहिली.

कडुनिंबाचा पाला चांगला की निंबोळी?

निंबोळी, यात शंका नाही. ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः बियांच्या गरात असतं, पानांत फार कमी. हे द्रव्य १९६८ साली वेगळं काढलं गेलं, त्याची नेमकी रचना कळायला १९८५ उजाडलं आणि प्रयोगशाळेत ते बनवायला २००७ पर्यंत थांबावं लागलं. इतका गुंतागुंतीचा रेणू कारखान्यात बनवणं परवडत नाही, म्हणून बाजारातली कडुनिंबाची औषधंही आजवर बियांपासूनच येतात.

पाच टक्के निंबोळी अर्काचं माप सोपं आहे : शंभर लिटर पाण्याला निंबोळीच्या बियांतल्या गराची ५ किलो भरड. पंधरा लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम, आणि गच्चीवरच्या एका लिटरच्या बाटलीला ५० ग्रॅम. भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जुन्या सुती पंचातून दोनदा गाळा, मग उरलेलं पाणी आणि साबण घाला. गाळण्यात आळस केला की नोझल तुंबतो आणि भर वाफ्यात उभं राहून तो सुईने टोचत बसावं लागतं. उकळू नका, उष्णतेने ॲझाडिरॅक्टिन मोडतं. आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. निंबोळ्या पिकून पडतात तेव्हाच पाऊस सुरू होतो. बीवरचा चिकट गर काढून धुतलेल्या बिया बाहेर वाळतच नाहीत. घरात पंख्याखाली पातळ पसरा, रोज हलवा, पूर्ण वाळल्यावर तागाच्या पिशवीत टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या बियांना आठवड्यात बुरशी येते, आणि बुरशी आलेली बी टाकूनच द्यावी.

बिया नसतीलच तर पाला घ्या. एक किलो ताजा पाला ठेचून पाच लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, गाळून फवारा. जोर कमी असतो, म्हणून ही फवारणी कीड यायच्या सुमारास करायची, आल्यावर नाही.

दशपर्णीत कोणता पाला, किती?

सगळीकडे थोडाफार फरक आहे, पण साधारण यादी अशी : कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, एरंड, रुई, पपई, घाणेरी, गुळवेल आणि लाल कण्हेर. दोनशे लिटरच्या ड्रमाला कडुनिंब ५ किलो, बाकीचा प्रत्येक पाला २ किलो, गाईचं शेण ३ किलो आणि गोमूत्र ५ लिटर, मग ड्रम पाण्याने भरायचा. सावलीत ठेवून तोंडाला गोणपाट बांधायचं, रोज काठीने ढवळायचं. महिनाभरात पाला कुजून पाण्यात उतरतो. गाळून लिटरला २५ ते ५० मिलि या मापाने फवारतात. नव्या पिकावर २५ मिलिपासून सुरुवात करा आणि आधी दोन-चार झाडांवर मारून दोन दिवस वाट बघा. काकडीवर्गाची कोवळी पानं जास्त मापाने करपतात.

गच्चीसाठी याचा दहावा भाग, म्हणजे वीस लिटरची बादली, पुरून उरते. पण खरं सांगायचं तर फ्लॅटच्या गॅलरीत दशपर्णी करूच नका. वास महिनाभर जिन्यापर्यंत जातो, माश्या होतात आणि शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते. गच्चीवरच्या वीस-पंचवीस कुंड्यांना निंबोळी अर्क पुरेसा आहे.

दहापैकी सहाच पाले मिळाले. चालेल?

चालेल. जनावरं ज्या पाल्याला तोंड लावत नाहीत, ज्याला उग्र वास किंवा चीक आहे, असे निरनिराळे पाले एकत्र करायचे, एवढाच त्यामागचा विचार आहे. एकाने भूक मोडते, दुसऱ्याचा वास किडीला दूर ठेवतो. दहा हा आकडा पूर्ण करायच्या हट्टापायी अनोळखी झाड तोडून आणू नका. कडुनिंब, निरगुडी, करंज आणि सीताफळ एवढे चार असले तरी मी समाधानी असतो.

पाला आणायचा कुठून? येऊरला भरपूर आहे.

येऊरहून नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिथला पाला तोडणं हा गुन्हा आहे. पारसिकच्या डोंगरावर जायचीही गरज नाही. घाणेरी आणि रुई रिकाम्या प्लॉटवर, एरंड नाल्याच्या काठाला, करंज रस्त्याच्या कडेला आपल्या पायाशी असतात. सोसायट्यांत पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी होते तेव्हा माळीदादांना आधी सांगून ठेवलं तर कडुनिंबाचा भाराच मिळतो. ड्रम लावायलाही मे महिनाच बरा.

हमरस्त्यालगतचा पाला मात्र आधी दोन पाण्यांतून काढा. घोडबंदर रोडच्या कडेच्या पानांवर बोट फिरवलं की ते काळं होतं, आणि ती काजळी तुमच्या पालकावर जायचं काही कारण नाही.

कण्हेर, रुई, सीताफळ विषारी आहेत ना? मग भाजीवर कसं चालतं?

विषारी आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. कण्हेरीच्या प्रत्येक भागात हृदयाची गती बिघडवणारी द्रव्यं असतात. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला जखमा होतात. धोत्रा तर कोणी घालूच नये, त्याचं पान चुकून भाजीत गेलं तरी माणूस बरळायला लागतो.

माझं स्पष्ट मत आहे : घरच्या वापरासाठीच्या अर्कात कण्हेर घालू नका. तिच्यावाचून अर्काचं काही अडत नाही. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. बाकीचा पाला ठेचताना हातमोजे आणि चष्मा घाला, स्वयंपाकाचा मिक्सर आणि पाटा-वरवंटा वापरू नका, त्यासाठी वेगळा दगड ठेवा. डोळ्यात काही उडालं तर नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जाताना त्या झाडाची डहाळी सोबत न्या, उपचार ठरवायला मदत होते. आणि अर्क कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका.

तंबाखूचा काढा?

नको. निकोटिन कातडीतून अंगात भिनतं, मळमळ आणि चक्कर येते, जास्त गेलं तर जिवावर बेततं. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे ती उगाच नाही. शिवाय तंबाखूतून येणारा मोझॅकचा विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागतो. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोचे फुटवे काढू नयेत, तेही याचसाठी.

साबण कोणता घालायचा?

अंगाचा साधा साबण किसून, लिटरला दोन ग्रॅम. रिठ्याचं पाणी त्याहून चांगलं. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड पानं जाळतात. साबणाशिवाय थेंब कोबीच्या आणि अळूच्या पानावरून घरंगळून जातात, म्हणून तो वगळू नका.

पाण्याचंही बघा. ॲझाडिरॅक्टिन क्षारयुक्त पाण्यात लवकर मोडतं. सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी जड असेल तर महापालिकेचं नळाचं पाणी वापरा.

दिवसा कधी फवारायचं? आणि पावसाळ्यात?

संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. ऊन लागलं की ॲझाडिरॅक्टिनचा जोर लवकर ओसरतो. रात्रभर पान ओलसर राहिलं तर किडीच्या पोटात जास्त जातं. खाडीलगतच्या भागात दुपारी पश्चिमेचा वारा चढतो आणि उंच इमारतीच्या गच्चीवर तो विशेष जाणवतो. तुमचा अर्क खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायला नको. वारा पडेपर्यंत थांबा.

जून ते सप्टेंबर या काळात मी फवारणीवर फार विसंबत नाही. फवारल्यावर पाच-सहा तास कोरडे मिळाले तरच उपयोग, आणि ते तास जुलैत कोण देणार? त्या दिवसांत मोठ्या सरीच मावा-तुडतुडे धुवून नेतात. तेव्हा किडकी पानं काढणं, अंड्यांचे पुंजके हाताने चिरडणं, दाटी कमी करणं यावर भर द्या. ऑक्टोबर उजाडला की दर आठ-दहा दिवसांनी फवारणी सुरू करा. मुरबाडच्या भेंडीवर डिसेंबरनंतर तुडतुडे वाढायला लागतात, तेव्हा मध्ये खंड पडू देऊ नका.

मधमाश्यांना त्रास होतो का?

वाळलेल्या अर्काचा त्रास कमी, पण अंगावर थेट पडला तर होतो, साबणाच्या पाण्याने तर माशी मरतेच. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, म्हणून संध्याकाळची फवारणी त्यांना बरी. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळीच उघडतात आणि रात्री पतंग त्यांच्यावर येतात. दुधीवर फवारताना फुलं चुकवा.

वांग्यातली अळी आणि कारल्याची फळमाशी यावर कोणता पाला?

कोणताच नाही. वांग्याची अळी कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. मान टाकलेला शेंडा दिसला की दोन बोटं खालून छाटा, उभा चिरा, आत गुलाबीसर अळी दिसेल. शेंडा अळीसकट नष्ट करा, वाफ्यात टाकू नका. जोडीला त्या किडीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नरांना ओढणारे) लावा. निंबोळी अर्काने अंडी घालणं कमी होतं, एवढीच त्याची मदत.

फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचा (वेलवर्गावरच्या फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा लावा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. तुळशीच्या रसात मिथाईल युजेनॉल असतं आणि त्यावर आंब्याच्या फळमाशीचे नर झेपावतात. ते पाहून लोक कारल्याच्या मांडवातही तुळशीचा सापळा टांगतात. पण वेलवर्गावरची फळमाशी वेगळी, ती त्या वासाला येत नाही. किडकी, वाकडी कारली वेचून बंद पिशवीत उन्हात ठेवा. नुसती मातीत टाकलीत तर अळ्या मातीत कोष करून पुन्हा माश्या होऊन येतात.

भेंडीची पानं शिरांसकट पिवळी झाली. काय फवारू?

तो हळद्या, विषाणूचा रोग. त्या झाडावर औषध नाही, उपटून काढा. तो पांढरी माशी पसरवते, म्हणून फवारणी शेजारच्या निरोगी झाडांवर करा. पुढच्या वेळी रोगाला दाद न देणारं बियाणं घ्या, तोच मोठा उपाय.

फवारल्यावर भाजी किती दिवसांनी तोडायची?

निंबोळी अर्कानंतर दोन-तीन दिवस थांबलं तर कडू चवही राहत नाही. शेण-गोमूत्राचा अर्क असेल तर पोटाला बाधणारे जंतू असू शकतात, म्हणून कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी यांसारख्या कच्च्या खायच्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांवर तो शक्यतो मारूच नका. मारला तर किमान आठवडाभर थांबा आणि भाजी वाहत्या पाण्याखाली धुवा.

भेंडीवाल्यांना हा प्रश्न जास्त जाचतो. भेंडीचा तोडा एक दिवसाआड असतो. रासायनिक औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी थांबायचे जे दिवस छापलेले असतात, ते पाळायचे तर मधले तोडे फेकावे लागतात. मग ते पाळले जात नाहीत आणि तोच माल वाशीच्या बाजार समितीत येऊन आपल्या ताटात पडतो. माझ्या दृष्टीने पाल्याच्या अर्कांची खरी गरज इथे आहे. तोडे सुरू झाल्यावर निंबोळी अर्क, सापळे आणि हाताने वेचणी, आणि रासायनिक औषध मारायचंच असेल तर ते फुलं येण्याआधी, अशी आखणी केली तर शेतकऱ्याचंही नुकसान होत नाही.

रेल्वे रुळांच्या कडेची भाजी पाल्याचे अर्क फवारून पिकवली तर सुरक्षित होईल का?

नाही. तिथला प्रश्न किडीपेक्षा पाण्याचा आहे. नाल्याच्या पाण्यातले जड धातू मुळांतून पानांत जातात, ते फवारणीने कमी होत नाहीत आणि धुऊनही निघत नाहीत. पालेभाज्यांत ते जास्त साठतात. जिथे पाणी चांगलं आहे तिथेच अर्कांची मेहनत सार्थकी लागते.

अर्क रासायनिक औषधात मिसळला तर जोर वाढतो का?

मिसळू नका. बोर्डो मिश्रणासारखं चुन्याचं औषध तर अर्काची ताकदच घालवतं. दोन फवारण्यांत आठवड्याचं अंतर ठेवा आणि पंप प्रत्येक वेळी धुवा. ते पाणी विहिरीत, तलावात किंवा नाल्यात सोडू नका, कारण करंज आणि कडुनिंब दोन्ही माशांना घातक आहेत. ठाण्यात तलाव इतके जवळ आहेत की हे ध्यानात ठेवायलाच हवं. उरलेला अर्क झाडांपासून दूर मोकळ्या मातीत ओता.

बचत गटाने दशपर्णी बाटलीत भरून विकली तर चालेल?

स्वतःच्या शेतासाठी करायला कुणाची हरकत नाही. 'कीटकनाशक' म्हणून विकायचं तर कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे नोंदणी आणि परवाना लागतो. गटाने एकत्र पाला गोळा करावा, एकाच ड्रममध्ये अर्क करावा आणि सभासदांनी आपापल्या शेताला वाटून घ्यावा, हे सोपं पडतं. विकत घेताना मात्र लेबलवर नोंदणी क्रमांक आणि ॲझाडिरॅक्टिनचं प्रमाण, म्हणजे ३००, १,५०० किंवा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), छापलेलं आहे का ते पाहा. नुसतं 'हर्बल, शंभर टक्के सेंद्रिय' लिहिलेली आणि फवारल्यावर तासाभरात अळ्या पटापट खाली पाडणारी बाटली मी घेणार नाही. कडुनिंब असं काम करत नाही, तेव्हा आत दुसरंच काही असण्याचा संशय धरावा आणि तालुका कृषी कार्यालयातल्या गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांना ती दाखवावी.